आठ पौंडांची गिटार

वाचकहो, महागडे वाद्य घरात आणले म्हणजे मुलगा कलावंत होतो असे नाही. आणि पैसा नाही म्हणून कला थांबते असेही नाही. इंग्लंडचा गिटारवादक ब्रायन मे याची हकीगत यासाठी प्रत्येक आईबापाने ऐकावी अशी आहे.

ब्रायनचा जन्म १९४७ चा. वडील हॅरॉल्ड मे नोकरदार माणूस, पण हातात कसब. पोराला विजेवर वाजणारी गिटार हवी होती. दुकानातली चांगली गिटार परवडणारी नव्हती. तेव्हा बापलेकांनी ठरविले, आपणच करू! १९६३ साली घरातच काम सुरू झाले. यंत्रे नव्हती, साधी हातहत्यारे होती. जवळजवळ दोन वर्षे दोघे खपले.

गिटारची मान घडविली जुन्या शेकोटीच्या लाकडी चौकटीतून. त्या लाकडाला किडीने भोके पाडली होती. ती काड्यापेटीच्या काड्यांनी बुजविली. धडासाठी जुन्या टेबलाचे ओक लाकूड वापरले. मानेवरचे पांढरे ठिपके म्हणजे आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणे. सूर हेलकावणाऱ्या दांडीखाली जुन्या मोटारसायकलच्या स्प्रिंगा बसविल्या. खर्च आला आठेक पौंड.

पुढे १९७० साली 'क्वीन' हा वाद्यवृंद निघाला. त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला. या वृंदाबरोबर ब्रायनने तीच घरची गिटार जगभर वाजविली. तारा छेडायला तो सहा पेन्सचे जुने नाणे वापरतो. २००२ साली राणीच्या राजवाड्याच्या गच्चीवर उभे राहून त्याने वाजविली तीही हीच गिटार.

पण या गोष्टीत एक सलही आहे. ब्रायन खगोलशास्त्रात पीएच.डी. करीत होता. वाद्यवृंदासाठी त्याने संशोधन अर्धवट सोडले, ते वडिलांना मुळीच रुचले नाही. ज्यांनी स्वतःच्या हाताने गिटार घडवून दिली, तेच त्या गिटारीपायी नाराज झाले! त्यांचे तरी काय चुकले? शिक्षणाने पोराचे बस्तान बसेल, एवढेच त्यांना हवे होते. पुढे न्यूयॉर्कच्या मोठ्या सभागृहात हजारो लोकांपुढे मुलाला वाजविताना पाहिले, तेव्हा त्यांचे मन निवळले.

मुलानेही शिक्षण कायमचे टाकले नाही. २००७ साली, वयाच्या साठीत, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातून त्याने तीच पीएच.डी. पूर्ण केली. ते पाहायला वडील मात्र हयात नव्हते.

तेव्हा बंधुभगिनींनो, पोराने ढोलकी, पेटी, गिटार मागितली तर एकदम 'नाही' म्हणू नका. नवी घेणे जमत नसेल तर जुनी आणून त्याच्याबरोबर बसून दुरुस्त करा. आणि मुलांनो, वाद्य हातात आले म्हणून पुस्तक खाली ठेवू नका. ठेवावेच लागले, तर कुठल्या पानावर ठेवले ते विसरू नका.