तनख्यावर चालणारं राज्य

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात भिंतीवर मराठी वाचायला मिळतं. सरफोजीराजे दुसरे यांनी 1803 साली भोसले घराण्याचा इतिहास तिथे दगडात कोरून घेतला. आपली माणसं येतात, फोटो काढतात, ऊर भरून परत जातात. मीही तेच केलं. मेसवर परतल्यावर तारखा जुळवताना लक्षात आलं, की हा लेख कोरला गेला तेव्हा राजांकडे राज्य उरलंच नव्हतं. 1799च्या तहाने कारभार कंपनीकडे गेला होता. राजांना ठरलेली रक्कम आणि महसुलाचा पाचवा हिस्सा मिळे.

सरफोजीराजे गुणी होते. त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, वैद्यकाचा अभ्यास केला, तनख्याचं सोनं केलं. पण तनखा घेणाऱ्या राजाला शेतकऱ्याची गरज उरत नाही, आणि शेतकऱ्याला त्याच्याकडे दाद मागता येत नाही. राजा चांगला निघाला तर ठीक, नाहीतर प्रजेच्या हातात काहीच नसतं.

हे आठवायचं कारण काँगो. काही वर्षांपूर्वी मी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत गोमा इथे होतो. मसिसीच्या डोंगरात माणसं हाताने कोल्टन खणतात, पोती पाठीवरून खाली आणतात. आपल्या मोबाईलमध्ये लागणारं टँटलम त्यातूनच निघतं. इतकी श्रीमंत जमीन, आणि गावच्या शाळेतल्या मास्तरांना पालक वर्गणी काढून पगार देत. मोबुतू 1965 ते 1997 तिथे सत्तेवर होता. तांबं, कोबाल्ट, हिरे यांचा पैसा परस्पर तिजोरीत येत होता. मग मतं कशाला मागायची? हिशेब कुणाला द्यायचा? जमिनीतून फुकट मिळणारा पैसा हा सरकारचा तनखाच असतो. कर देणारा माणूस प्रश्न विचारतो. खाण प्रश्न विचारत नाही.

यावर कुणी नॉर्वेचं उदाहरण देईल, आणि ते रास्त आहे. तिथे 1969 मध्ये समुद्रात मोठा तेलसाठा सापडला आणि आज तो देश जगातल्या भक्कम लोकशाह्यांपैकी एक आहे. पण नॉर्वेची राज्यघटना 1814ची. तेल आलं तेव्हा संसद, न्यायालयं, वर्तमानपत्रं आणि हिशेब मागायची सवय आधीपासून होती. 1990 मध्ये कायदा करून त्यांनी तेलाच्या पैशाचा निधी उभारला. थोडक्यात, आधी मत आलं आणि मग तेल. काँगोत तो क्रम उलटा होता.

आता पुन्हा तंजावरला येऊ, कारण आपल्याकडे हा क्रम कसा चालतो ते इथे दिसतं. कावेरीच्या या खोऱ्यात भाताखाली तेल, वायू आणि लिग्नाइट आहे. शेजारच्या नरिमणमला 1980च्या दशकापासून तेल निघतंय. 2010 मध्ये मन्नारगुडी भागात कोळशाच्या थरातला मिथेन काढायचा करार झाला. हा वायू मोकळा करायचा तर थरातलं पाणी आधी उपसावं लागतं. भाताच्या शेतकऱ्याला यापुढे काही समजावून सांगायची गरज नव्हती. नम्माळ्वार नावाचे वयोवृद्ध शेतीतज्ज्ञ गावोगाव फिरून विरोध उभा करत होते. त्याच फिरतीत, डिसेंबर 2013 मध्ये, पट्टुक्कोट्टईजवळ त्यांचं निधन झालं. पुढे तो प्रकल्प बारगळला. 2017 मध्ये कदिरामंगलमला तेलवाहिनी गळली, लोक रस्त्यावर आले, लाठ्या चालल्या, अटका झाल्या. 2020 मध्ये विधानसभेने खोऱ्याला संरक्षित कृषी क्षेत्र ठरवणारा कायदा केला. 2023 मध्ये केंद्राच्या कोळसा लिलावाच्या यादीत तंजावर जिल्ह्यातलं वडसेरी आलं, तेव्हा राज्यातले सत्ताधारी आणि विरोधक एका सुरात बोलले आणि काही दिवसांत नाव वगळलं गेलं.

पक्षांबद्दल मी बोलणार नाही, वर्दीत ते शोभत नाही. पण दोन सरकारं वेगळ्या पक्षांची असूनही दोघांना शेतकऱ्याचं ऐकावं लागलं, हे नोंदवायला हवं. भात पिकवायला लाखो हात लागतात आणि त्या प्रत्येक हाताला मत आहे. वायूला एक नळ पुरतो.

दुसरी बाजूही खरी आहे. आपण कच्च्या तेलाची गरज मुख्यतः आयातीवर भागवतो, आणि रणगाडा भातावर चालत नाही. हे फौजीने विसरून चालणार नाही. शिवाय 2020च्या कायद्याने आधीपासून चालू असलेल्या विहिरींना हात लावलेला नाही. म्हणून ‘काहीच काढू नका’ असं माझं म्हणणं नाही. काढण्याआधी विचारा आणि काढल्यावर हिशेब द्या, एवढंच म्हणणं आहे.

निवृत्त होऊन चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळकडे गेलेल्या मित्रांसाठी हे मुद्दाम लिहितोय. 2015च्या दुरुस्तीनंतर खाण असलेल्या जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान असतं. खाणमालक रॉयल्टीच्या 10 ते 30 टक्के इतकी जादा रक्कम त्यात भरतो, आणि ती खाणीची झळ बसलेल्या गावांसाठी असते. तुमच्या गावाला त्यातलं काय मिळालं? गावात तुमच्या शब्दाला वजन आहे. पुढच्या ग्रामसभेत उभे राहा आणि विचारा. उत्तर मिळालं नाही तर माहितीचा अधिकार आहेच.

चोळांच्याच राज्यात, उत्तरमेरूरला, इसवी सन 920च्या सुमाराचा शिलालेख आहे. गावसभेचे सभासद मडक्यातून चिठ्ठी काढून निवडत. त्या सभेत सगळ्यांना जागा नव्हती, ती जमीनवाल्या ब्राह्मणांची होती. पण एक नियम आजही घ्यावा असा आहे. आधीच्या कामाचा हिशेब न देणाऱ्याचं नाव मडक्यात पडत नसे, आणि त्याच्या जवळच्या नातेवाइकांचंही नाही.