अंड्यातले शहाणपण

तांबड्याभडक डोळ्यांचा, नारिंगी बोटांचा एक पोपटी बेडूक तुम्ही एखाद्या कॅलेंडरावर पाहिला असेल. त्याचे घर मध्य अमेरिकेत, कोस्टा रिका-पनामाकडच्या सखल, दमट जंगलांतल्या झाडांवर. सारे जग त्याच्या डोळ्यांवर भाळले आहे. भाळू दे बापडे. मला विचाराल, तर कौतुक करावे त्याच्या अंड्यांचे.

डबक्यावर ओणवलेल्या पानावर मादी रात्री सुमारे ४० अंडी घालते. सहा-सात दिवसांनी ती फुटतात आणि शेपटीवाली पिल्ले टपाटप पाण्यात पडतात. पण साप या अंड्यांवर टपलेला असतो. त्याने लचका तोडला रे तोडला, की उरलेली अंडी, चारच दिवसांची का असेनात, पटापट फुटू लागतात, आणि पिल्ले निसटतात! कॅरेन वॉर्केंटिन या विदुषीने कोस्टा रिकाच्या कोर्कोवादो जंगलात हा प्रकार अभ्यासला व १९९५ साली प्रसिद्ध केला.

मग नेहमीच चौथ्या दिवशी का फुटू नये? घरातली बाळगोपाळ मंडळी हे विचारणारच. कारण खाली पाण्यात मासे आणि झिंगे. कोवळे पिल्लू त्यांच्या तोंडी लवकर लागते. वर साप, खाली मासा. निर्णय करायचा तो जेमतेम डोळे आलेल्या गर्भाने. आईबाप केव्हाच निघून गेलेले.

बरे, पान तर पावसानेही थरथरते. सरीसरीला घर सोडून कोण पळेल? २००५ साली वॉर्केंटिनबाईंचा नवा प्रयोग प्रसिद्ध झाला. ध्वनिमुद्रित केलेली थरथर अंड्यांना दिली. सापाची दिली तेव्हा पुष्कळ फुटली, पावसाची दिली तेव्हा फार थोडी. मग बाईंनी एक खोडी केली. पावसाच्या थरथरीत सापासारखे स्तब्धतेचे तुकडे पेरले, आणि अंडी फसली! म्हणजे दोन धक्क्यांमधली उसंत हा जीव अंड्यात बसून मोजतो.

गांधीलमाशीची तऱ्हा वेगळी. ती एकेक अंडे उचलते, म्हणून छेडलेले अंडे फुटते. शेजारची बरीचशी स्वस्थ राहतात. उगाच धावपळ नाही.

आणि अंडे फुटते तरी कसे? पिल्लाच्या नाकाडावरच्या ग्रंथींतून एक पाचक रस सुटतो, अंड्याच्या पापुद्र्याला भोक पडते, आणि अंग आक्रसत पिल्लू त्यातून बाहेर येते. २०१६ मध्ये हे उलगडले. सारा कारभार काही सेकंदांचा.