चेहरे उरले, नावे गेली

उज्जैनीत हौशी छायाचित्रकाराला विषयांची वानवा कधीच नव्हती. रामघाटावरची पहाट, क्षिप्रेची आरती, गोपाळमंदिराचा चौक, वेधशाळेतील यंत्रांच्या सावल्या; पिढ्यान्‌पिढ्या हेच विषय, तरी त्यांची गोडी ओसरलेली नाही. २०१६ च्या सिंहस्थात तर ज्याच्या त्याच्या हाती कॅमेरा होता. या हौसेला माझा विरोध नाही. मीही त्यांतलाच एक. पण कॅमेऱ्याचे एक काम आपल्या मराठी घरांत कित्येक वर्षे खोळंबले आहे, आणि २०२८ च्या सिंहस्थापूर्वी ते उरकावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिंदेशाहीत इकडे येऊन वसलेल्या घरांत ट्रंकेच्या तळाशी एक अल्बम हमखास सापडतो. पगडी घालून खुर्चीत बसलेले आजोबा, मागे नऊवारीतल्या बायका, पुढे सतरंजीवर मांडी घातलेली पोरे. 'ही डावीकडची कोण हो?' असे विचारले, तर सांगू शकेल अशी आत्याबाई घरात एखादीच उरलेली असते. पुष्कळ घरांत तीही नाही.

गंमत अशी की, याच गावी तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या कुळांची गाव-गोत्रासह नोंद आहे. तेथे नावे आहेत, चेहरे नाहीत. घरी चेहरे आहेत, नावे नाहीत. त्यातही वह्यांतली नावे मुख्यतः पुरुषांची. म्हणजे त्या नऊवारीतल्या बायकांना दोन्हीकडे ठिकाणा नाही!

नावाचे मोल आपल्या शेजारच्याच एका कलावंताने ओळखले होते. लाला दीनदयाळ इंदुरात सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला असताना छायाचित्रणाकडे वळले आणि पुढे हैदराबादच्या निजामांचे छायाचित्रकार झाले. काचेच्या पट्टीवरच क्रमांक व विषय लिहून ठेवण्याची त्यांची पद्धत होती. १९०५ साली ते वारले. १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यांच्या २,८५७ काचपट्ट्या मिळवल्या. चित्र कशाचे, हे सांगायला कलावंत हयात नसला, तरी त्याचे अक्षर होते.

आपले काम याहून पुष्कळ सोपे आहे. अल्बममधले चित्र सहज निघत असेल तरच काढावे. चिकटून बसले असेल तर ओढू नये, पानासकटच टिपावे. थेट ऊन नसलेल्या खिडकीपाशी ठेवून, कॅमेरा अगदी समांतर धरून त्याची प्रत घ्यावी. फ्लॅश वापरू नये. मग घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून डावीकडून उजवीकडे नावे विचारावीत, स्त्रियांची माहेरची नावेसुद्धा. ती मऊ शिसपेन्सिलीने पाठीमागे कडेला लिहावीत; बॉलपेनाचा दाब पुढच्या बाजूस उमटतो. चकचकीत कागदावर पेन्सिल उठत नसेल, तर चिठ्ठी लिहून पाकिटात ठेवावी. आरंभ १९७०-८० च्या रंगीत चित्रांपासून करावा. ती आजोबांच्या कृष्णधवल चित्राआधी विटतात.

'आता मोबाइलमध्ये सगळेच असते,' असे तरुण मंडळी म्हणतील. पूर्वी बडोद्यास बनणाऱ्या आग्फा क्लिक-३ मध्ये एका रोलात बाराच चित्रे निघत. म्हणून प्रत्येकाचा प्रसंग तरी लक्षात राही. आज एका मुंजीत हजार निघतात आणि नाव एकालाही नसते. पन्नास वर्षांनी ही मुलेही सतरंजीवरची अनामिक पोरेच ठरायची.

महाकालाचे शिखर टिपायला उद्याही हजार कॅमेरे सरसावतील. त्या डावीकडच्या बाईला ओळखणारे डोळे मात्र थोडे उरले आहेत. तेव्हा या रविवारी घाटावर जाण्याऐवजी ट्रंक उघडावी, हे बरे.