आपला संगणक, सर्वांचे जाळे

जून महिन्यात महाविद्यालय सुरू झाले की प्रवेशाच्या कागदांबरोबर आणखी एक लहानसा अर्ज मुलांच्या हाती पडतो. ‘आपला संगणक महाविद्यालयाच्या जाळ्याला जोडायचा असल्यास त्याची नोंद करावी’, असे त्यावर लिहिलेले असते. यंदा एका विद्यार्थिनीने मला विचारले, “सर, लॅपटॉप माझ्या बाबांनी घेऊन दिला. त्याची नोंद कॉलेजने का मागायची? आमच्यावर संशय आहे का?” प्रश्न रास्त होता. ‘नियम आहे’ एवढेच त्याचे उत्तर देणे मला योग्य वाटले नाही.

मी राहतो त्या चिंचोटीला मोठा धबधबा आहे. पावसाळ्यात तिकडे जाण्यास मनाई करणारे हुकूम अनेकदा निघतात, तरी माणसे आडवाटेने जातातच. वरून शांत दिसणाऱ्या डोहात पाण्याची ओढ किती असते, डोंगरावर पाऊस पडला की लोंढा किती लवकर खाली येतो, हे त्यांना कोणी समजावून सांगितलेले नसते. कारण न समजलेला नियम लोक मोडतात. संगणकाच्या नोंदीचेही तसेच आहे. तेव्हा ही नोंद म्हणजे काय, ते आधी पाहू.

जाळ्याला जोडता येणाऱ्या प्रत्येक यंत्राच्या नेटवर्क कार्डाला कारखान्यातच एक क्रमांक दिलेला असतो. त्याला मॅक क्रमांक म्हणतात. तो ४८ बिटांचा असतो, म्हणजे त्यात ४८ जागा असून प्रत्येक जागी ० किंवा १ यांपैकी एक अंक असतो. २ चा ४८ वा घात काढून पाहा. उत्तर सुमारे २८१ लाख कोटी येईल. यांपैकी पहिल्या २४ जागांवरून सामान्यतः कारखानदार कळतो व उरलेल्या २४ जागांवरून ते विशिष्ट कार्ड. जाळ्यात शिरल्यावर यंत्राला आणखी एक क्रमांक मिळतो, तो आयपी क्रमांक. मॅक क्रमांक म्हणजे जणू विद्यार्थ्याचे नाव आणि आयपी क्रमांक म्हणजे त्याचा परीक्षेतील आसनक्रमांक. आसनक्रमांक परीक्षेगणिक बदलतो, नाव तेच राहते. वहीत मॅक क्रमांकासमोर मालकाचे नाव लिहिले की नोंद झाली.

काही वर्षांपूर्वी मी शिकवीत होतो त्या महाविद्यालयात अशी वही नव्हती. परीक्षेचे अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता आणि सकाळपासून जाळे जवळजवळ बंद पडले होते. एक यंत्र अखंड निरर्थक संदेश पाठवीत होते. त्याचा मॅक क्रमांक आम्हांला पडद्यावर स्पष्ट दिसत होता, पण ते कोणाचे हे सांगता येईना. आम्ही वर्गावर्गांत जाऊन एकेक लॅपटॉप तपासला. दुपारी तीनच्या सुमारास तो सापडला. ज्या मुलाचा तो होता त्याला कशाचाच पत्ता नव्हता. कुठून तरी आलेला एक उपद्रवी प्रोग्रॅम त्याच्या नकळत चालू होता. पण सर्व वर्गासमोर त्याचा लॅपटॉप बंद करावा लागला, आणि ‘याच्यामुळे आमचे अर्ज राहिले’ असे मुले पुढे कित्येक दिवस बोलत राहिली. त्याने लॅपटॉप आणणेच सोडले. नोंद असती तर दहा मिनिटांत त्याला बाजूला बोलावून सांगता आले असते. चोर पकडणे हा नोंदीचा दुय्यम उपयोग आहे. ज्याचे यंत्र आजारी पडले त्याला वेळेवर व खाजगीत कळवणे हा तिचा खरा उपयोग होय.

मात्र नोंद झाली म्हणजे यंत्र सुरक्षित झाले, असे समजणे चूक आहे. मॅक क्रमांक प्रोग्रॅमच्या साहाय्याने बदलता येतो. आजचे बरेच फोन तर दर जाळ्यासाठी आपणहून वेगळा मॅक क्रमांक सांगतात. म्हणजे नोंदवहीला खोटे नाव सांगता येते. शिवाय खरे नाव सांगणारे यंत्रही आजारी असू शकते. आमच्या वसईच्या किल्ल्याची तटबंदी केवढी भक्कम! पण १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने सुरुंग लावून तिला खिंडार पाडले आणि किल्ला पडला. संपूर्ण तट पाडण्याची गरज लागली नाही. जाळ्यातही एक कच्चे यंत्र पुरते.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने स्वतःच्या नकला करीत फिरणारा एक प्रोग्रॅम जाळ्यात सोडला. त्या वेळी इंटरनेटवर सुमारे ६०,००० संगणक होते. त्यांपैकी अंदाजे ६,००० संगणकांना त्याची बाधा झाली. त्या प्रोग्रॅमजवळ नेहमीच्या ४३२ शब्दांची यादी होती आणि परवलीचा शब्द ओळखण्यासाठी तो ते एकेक करून लावून पाही. आपल्या देशात १९८६ साली ‘एर्नेट’ हे शैक्षणिक जाळे सुरू झाले, तेव्हा त्यात मुंबईची आयआयटी व एनसीएसटी धरून अवघ्या आठ संस्था होत्या. आज एकेका वर्गात त्याहून कितीतरी अधिक यंत्रे असतात.

दुसरे उदाहरण जवळचे आहे. विंडोजमधील एक दोष दूर करणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिली होती. ज्यांनी ती बसवली नाही त्यांच्या संगणकांत १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ शिरला. पुढे २७ जून रोजी ‘नॉटपेट्या’ आला, त्याने तोच दोष वापरला आणि उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. नॉटपेट्याला इतर वाटाही ठाऊक होत्या. म्हणून एका कच्च्या यंत्रातून शिरल्यावर तो दुरुस्त केलेल्या शेजारच्या यंत्रांतही जाऊ शके. दुरुस्ती मिळून तीन महिन्यांहून अधिक काळ लोटला होता!

आता थोडे गणित करू. समजा, चोरलेल्या माहितीवर सेकंदाला १०० कोटी शब्द लावून पाहणारे यंत्र कोणाजवळ आहे. इंग्रजीची २६ लहान अक्षरे घेऊन केलेला सहा अक्षरी परवलीचा शब्द ते एका सेकंदाच्या आत शोधील. आठ अक्षरांना साडेतीन मिनिटे पुरतील. बारा अक्षरांना मात्र सुमारे तीन वर्षे लागतील. अक्षरे कशीही, अर्थ लागणार नाही अशी घेतली तरच हा हिशेब खरा. स्वतःचे नाव व जन्मसाल जोडून केलेला शब्द कितीही लांब असला तरी लवकर सापडतो.

माझे मत असे की, विद्यार्थ्याने नोंद जरूर करावी, यंत्राच्या दुरुस्त्या आल्या की बसवाव्यात, परवलीचा शब्द लांब ठेवावा व तो मित्रालाही सांगू नये. पण जबाबदारी एकट्या विद्यार्थ्याची नाही. नोंदीसाठी नेमकी कोणती माहिती घेतली, ती कोण पाहतो आणि विद्यार्थी शिकून गेल्यावर ती केव्हा पुसली जाते, हे महाविद्यालयाने लेखी सांगितले पाहिजे. यंत्र कोणाचे हे जाणून घेणे वेगळे आणि मुलगा काय वाचतो यावर डोळा ठेवणे वेगळे. माहिती कशासाठी घेत आहोत हे सांगावे व कामापुरतीच घ्यावी, हे तत्त्व २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही आहे. तसेच ज्याच्या घरी इंटरनेट नाही त्याला दुरुस्त्या उतरवून घेण्याची सोय महाविद्यालयाने करून द्यावी. ते न करता ‘तुझे यंत्र कच्चे, जोडू नको’ असे म्हणणे म्हणजे गरीब विद्यार्थ्यालाच शिक्षा करणे होय.

हे सारे ऐकल्यावर त्या विद्यार्थिनीने अर्ज भरला. मग तिने विचारले, “सर, माझी नोंद पुसणार कधी?” मला उत्तर देता आले नाही. तिचा प्रश्न मी कार्यालयाकडे लेखी पाठवला आहे. तुम्ही महाविद्यालयात जाल तेव्हा तुमचा संगणक जोडण्यापूर्वी हाच प्रश्न विचारा, आणि त्या रात्री घरी आपल्या यंत्राची शेवटची दुरुस्ती कोणत्या तारखेची आहे, तेही पाहा.