ऊब कोठे द्यावी?



‘चैन आणि गरज’ हा निबंधाचा विषय गेल्या वर्षी मी नववीच्या वर्गास दिला होता. बहुतेकांनी चैनीच्या वस्तूंची लांबलचक यादी देऊन तिच्यावर यथाशक्ती टीका केली. एका मुलीने मात्र लिहिले की, तिचे मामा नॉर्वे देशात राहतात आणि त्यांच्या मोटारीतील आसने बटण दाबताच तापू लागतात. यापरती दुसरी चैन ती कोणती? निबंध वर्गात वाचून दाखविला तेव्हा एकच हशा पिकला. मागच्या बाकावरून कोणीसे म्हणाले, “सर, आमच्या स्कूटरची सीट मे महिन्यात फुकट तापते!” मीही हसलो आणि निबंधाखाली ‘विचार योग्य’ असा शेरा लिहून मोकळा झालो.

तो शेरा आज मी मागे घेत आहे. शिक्षकाची चूक विद्यार्थ्यांच्या वहीत राहून जाते आणि पुढे तीच त्यांचे मत बनते. म्हणून ती उघडपणे दुरुस्त करणे मला आवश्यक वाटते.

आपण हसलो ते आपल्या हवेत बसून हसलो. पणजीस भर जानेवारीतही रात्रीचा पारा सहसा १९-२० अंशांच्या आसपास असतो. तेवढ्यानेच आपण कानटोप्या शोधू लागतो. स्वीडनच्या उत्तर टोकास किरुना नावाचे नगर आहे. तेथे हिवाळ्यात पारा शून्याखाली २० अंशांच्याही खाली उतरतो. रात्रभर उघड्यावर उभी असलेली मोटार सकाळी लोखंडाची शीतपेटीच झालेली असते. तीत बसणाऱ्याची पाठ आखडते, बोटे बधिर होतात आणि अशा बोटांनी त्यास बर्फावरून गाडी हाकावयाची असते. ज्या आसनास आपण चैन म्हटले, ते अशा माणसांसाठी निर्माण झालेले आहे.

त्याचा इतिहासही पाहण्याजोगा आहे. अमेरिकेतील जनरल मोटर्स या कंपनीतील रॉबर्ट बॅलर्ड या अभियंत्यास अशा आसनाचे पेटंट १९५५ साली मिळाले. १९६६ साली कॅडिलॅक या श्रीमंती मोटारीत ते जादा पैसे देऊन घेता येऊ लागले. तोवर ते चैनीतच मोडत होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु १९७२ साली स्वीडनच्या साब कंपनीने आपल्या मोटारीत चालकाचे आसन मुळातूनच तापणारे दिले. त्यासाठी वेगळे मूल्य मोजावयाचे नव्हते. एकच वस्तू एका देशात ऐश्वर्याचे लक्षण ठरली आणि दुसऱ्या देशात नित्याची सोय झाली. वस्तू बदलली नव्हती. हवामान बदलले होते.

आता हे आसन आपले काम कितपत चोख करते, ते पाहू. मी कला शाखेचा पदवीधर असल्याने शाळेतील विज्ञानाच्या सहकाऱ्यांकडून हा भाग समजून घेतला. आसनाच्या आवरणाखाली बारीक तारांचे किंवा कार्बनच्या धाग्यांचे जाळे असते. वीज त्यातून जाताना रोधामुळे उष्णता उत्पन्न होते. आपल्या इस्त्रीत घडते तेच येथे सौम्य प्रमाणात घडते. ठरावीक उष्णता होताच तापनियंत्रक वीज कमी करतो. यास एका आसनामागे साधारण ५० ते १०० वॅट वीज लागते, म्हणजे आपल्या घरातील जुन्या पिवळ्या दिव्याइतकीच.

याउलट मोटारीतील सगळी हवा तापविणे हे खर्चाचे काम आहे. काचांतून आणि पत्र्यातून उष्णता सतत बाहेर निसटत असते. पेट्रोलच्या गाडीत हा खर्च जाणवत नाही, कारण इंधनातील शक्तीचा बराच मोठा भाग तसाही उष्णता होऊन वाया जातो आणि त्यातीलच थोडी आत वळविली जाते. परंतु एंजिन तापेपर्यंत वाट पाहावी लागते. कडक थंडीत त्यास पाच-दहा मिनिटे सहज लागतात. आसन मात्र दोन-तीन मिनिटांत पाठीस ऊब देऊ लागते. हवेची वाट न पाहता उष्णता थेट स्पर्शाने अंगात शिरते, हे त्याचे रहस्य.

विजेच्या मोटारींमुळे या गोष्टीस आज अधिकच महत्त्व आले आहे. नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळजवळ नऊ विजेच्या होत्या. अशा गाडीत वाया जाणारी उष्णता फारच थोडी असते. आतील हवा विजेच्या शेगडीने तापवावयाची तर कडाक्याच्या थंडीत दोन-तीन हजार वॅट आणि प्रारंभी त्याहूनही अधिक वीज लागू शकते. ती येते चाके फिरविणाऱ्या बॅटरीतूनच. आणि थंडीने बॅटरीची शक्ती आधीच मंदावलेली असते. अशा वेळी हवा थोडी कमी तापवून आसन सुरू ठेवणारा प्रवासी तेवढ्याच विजेत अधिक दूर जातो. आपण जिला उधळपट्टी समजलो, ती वस्तुतः काटकसर आहे!

ही युक्ती काही नवी नव्हे. काश्मीरचा मनुष्य आपल्या घराची सारी हवा तापवीत बसत नाही. वेताच्या वेष्टनातील मातीच्या भांड्यात निखारे घालून तो कांगडी फेरनच्या आत धरतो. मूठभर कोळशात एका माणसाची थंडी भागते. हवा नव्हे, माणूस तापवावा, हा विचार गरिबीने शोधलेला आहे. यंत्राने तो केवळ नव्या रूपात आणला.

तथापि स्तुती येथे थांबविली पाहिजे, कारण गुण सांगून मर्यादा लपविणे हे जाहिरातदाराचे काम होय, शिक्षकाचे नव्हे.

पहिली मर्यादा अशी की, हे आसन पाठ आणि मांड्या यांनाच ऊब देते. थंडीत शरीर आपले रक्त आतील इंद्रियांसाठी राखून ठेवते आणि हातापायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचित करते. म्हणून बोटे सर्वांआधी गारठतात. नेमक्या त्या बोटांस आसनाचा लाभ फारसा होत नाही. समोरच्या काचेवर साठलेले हिम व आतील वाफही त्याने दूर होत नाही. काच धूसर राहिली तर उबदार पाठीचा उपयोग काय? तेथे उष्ण हवाच हवी. सारांश, आसन हे हवा तापविणाऱ्या यंत्राचे सहायक होय. त्याची जागा ते पूर्णपणे घेऊ शकत नाही.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे, आणि ती मला पुस्तकातून कळण्यापूर्वी घरात कळली. माझ्या आजीस मधुमेह होता. एका डिसेंबरात तिचे पाय गार पडले म्हणून मी स्वतः गरम पाण्याची पिशवी भरून तिच्या पायांशी ठेवली आणि आपण मोठी सेवा केली अशा समाधानात झोपलो. सकाळी पाहतो तो तिच्या टाचेवर मोठा फोड आलेला. “म्हाका कांयच कळ्ळें ना रे बाबा,” एवढेच ती म्हणाली. दीर्घकाळच्या मधुमेहाने तिच्या पायांची संवेदना गेली होती. ती जखम भरून येण्यास दोन महिने लागले. तिने मला कधीच दोष दिला नाही. ती पिशवी मात्र मी पुन्हा भरली नाही.

गाडीच्या तापणाऱ्या आसनाची गोष्ट याहून वेगळी नाही. ज्यांच्या कमरेखालील संवेदना पक्षाघाताने वा मधुमेहाने नष्ट झालेली आहे, अशा माणसांना या आसनांमुळे भाजल्याच्या घटना वैद्यकीय लिखाणात नमूद आहेत. त्वचेस भाजण्यासाठी उकळते पाणीच लागते असे नाही. ४४ अंशांची उष्णता सुमारे सहा तास सतत लागून राहिली तरी त्वचा भाजते, हे १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांवरून दिसून आले. निरोगी मनुष्य चटका लागताच बाजूस सरकतो. ज्यास चटका कळतच नाही, तो सरकणार कसा? शिवाय रोजच्या सौम्य शेकानेही त्वचेवर जाळीसारखे तांबूस डाग उमटतात. कांगडी वर्षानुवर्षे पोटाशी धरणाऱ्यांत त्वचेचा कर्करोग होतो, हे तर डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदविले आहे. तेव्हा ऊब हवी, पण आरंभी हवी. अंग तापले की ती कमी करावी, आणि तान्हे मूल, वृद्ध किंवा रुग्ण आसनावर असेल तर दुसऱ्याने आपल्या हाताने ती तपासून पाहावी.

तिसरी गोष्ट यंत्राची नसून व्यवहाराची आहे. २०२२ साली बीएमडब्ल्यू कंपनीने काही देशांत असे ठरविले की, गाडीत आसन तापविण्याची सामग्री बसविलेली असली तरी ती चालू करण्यासाठी ग्राहकाने दरमहा सुमारे १८ डॉलर भरावेत. लोक संतापले आणि २०२३ साली कंपनीने आसनांपुरता हा मार्ग सोडून दिला. माझ्या मते लोकांचा संताप रास्त होता. ज्या तारा आपण विकत घेतल्या, ज्यांचे ओझे आपलीच गाडी वाहते आणि ज्यांना वीजही आपलीच लागते, त्यांची ऊब मात्र भाड्याने घ्यावी, हा न्याय नव्हे. थंडी ही अडचण आहे. अडचणीत सापडलेल्याकडून मासिक खंडणी घेणे शोभत नाही.

म्हणून, मुलांनो, माझे मत असे आहे. तापणारे आसन आपले मर्यादित काम उत्तम रीतीने करते. ते थोड्या विजेत लवकर ऊब देते. परंतु ते ना काच स्वच्छ करते, ना बोटे पुरती ऊबवते, ना बसणाऱ्याची काळजी स्वतः घेते. नॉर्वेत ते शहाणपणाचे साधन आहे. आपल्या गोव्यात कोणी केवळ मिरविण्यासाठी ते घेईल तर ती चैनच ठरेल. चैन आणि गरज ही वस्तूच्या अंगी चिकटलेली लेबले नव्हेत. देश, काल आणि माणूस पाहूनच ती लावावी लागतात. मी मात्र लेबल आधी लावले आणि माणसाचा विचार मागाहून केला.

त्या मुलीच्या वहीतील माझा शेरा मी खोडणार आहे आणि त्याखाली लिहिणार आहे: ‘मामांना विचारावे की, तेथे सकाळी किती थंडी असते, मग निबंध पुन्हा लिहावा.’ आणि मामांकडे वृद्ध आईवडील राहावयास गेले असतील, तर एवढे अवश्य कळवावे की, ते गाडीत बसण्यापूर्वी आसनावर आपला हात एकदा ठेवून पाहा. ऊब देणाऱ्याचे काम बटण दाबून संपत नसते.