कर्कश भक्तीच्या बाजूने

ग्रीक भाषेत ‘पेत्रा’ म्हणजे खडक. इंग्रजीत खडकालाही ‘रॉक’ म्हणतात आणि एका संगीतप्रकारालाही. १९७२ साली अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन या शहरात बॉब हार्टमन व त्याच्या साथीदारांनी आपल्या बँडला हे नाव दिले, तेव्हा त्यातला श्लेष उघड होता. एकतीस वर्षांनी, २००३ साली, याच बँडने ‘जेकिल अँड हाइड’ हा अल्बम काढला आणि मधल्या काळात सौम्य होत गेलेला आपला आवाज पुन्हा जड, खरखरीत व आक्रमक केला. ख्रिस्ती रॉकच्या इतिहासात ही घटना एका ओळीत आटोपली जाते. आमच्या मते ती एका ओळीची घटना नाही. साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी तिच्यापाशी थोडे थांबावे, असे तिच्यात काही आहे.

या पुनरागमनाकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ आहेत. पहिली चाहत्यांची: जुने दिवस परतले, जुनी गिटार परतली, आनंद झाला. दुसरी सुशिक्षित टीकाकारांची: शब्द तेच, उपदेश तोच, प्रचार तोच, मग गिटारचा आवाज चढवल्याने असे काय मोठे बदलले? या दोन्ही पक्षांचे एकमेकांशी पटत नाही. तरी दोघांच्या मुळाशी एकच समजूत आहे. नाद हा आशयावर चढवलेला पोशाख आहे, असे दोघेही धरून चालतात. एकाला जुना पोशाख आवडतो, दुसऱ्याला कोणताच पोशाख पटत नाही, एवढाच काय तो फरक. आमचा वाद या समजुतीशी आहे.

ही समजूत ज्यांनी मुळीच मानली नाही, अशी माणसे या इतिहासात आहेत, आणि ती म्हणजे ख्रिस्ती रॉकचे कडवे विरोधक. दूरचित्रवाणीवरून प्रवचने देणारे जिमी स्वॅगर्ट यांनी १९८७ साली या संगीताविरुद्ध एक अख्खे पुस्तक लिहिले. मेंढराच्या कातड्यातला लांडगा ही बायबलमधली प्रतिमा त्यांनी पुस्तकाच्या नावातच वापरली. रॉकच्या तबकड्या उलट्या फिरवल्या की सैतानाचे छुपे संदेश ऐकू येतात, अशी आवई त्या दशकात अमेरिकेत जोरात होती. पेत्राने १९८२ च्या ‘मोअर पॉवर टू या’ या अल्बममध्ये तिला खट्याळ उत्तर दिले. त्यातल्या एका गाण्याच्या आरंभी खरोखरच उलटे ध्वनिमुद्रित केलेले एक वाक्य आहे. कुणी खटपट करून ते सरळ ऐकलेच, तर सैतानाचा माग काढण्यापेक्षा परमेश्वराचा शोध घे, असा सल्ला त्याच्या पदरी पडतो.

या विरोधकांचा निष्कर्ष आम्हांला अर्थातच मान्य नाही. परंतु एका बाबतीत ते आजच्या उदार टीकाकारांपेक्षा शहाणे होते: नादाला अर्थ असतो, हे त्यांना ठाऊक होते. देवाचे नाव घेतले म्हणून फाटलेल्या सुराची गिटार आपोआप निरुपद्रवी होत नाही, हे त्यांनी ओळखले. त्यांची चूक पुढे झाली. त्या नादातल्या अस्वस्थतेला त्यांनी पाप ठरवले. ज्या ग्रंथाचा आधार ते घेत होते, त्याच ग्रंथात ईयोब देवाकडे जाब मागतो. स्तोत्रसंहितेचे अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र कोणत्याही दिलाशाविना अंधारातच संपते, आणि शेवटचे स्तोत्र स्तुतीसाठी दणदणीत झांजा मागते. बायबलमधली भक्ती सदैव हळू आवाजातच बोलते, असे त्या ग्रंथात आम्हांला तरी कोठे आढळले नाही.

पेत्राचा आवाज सौम्य कसा झाला, हेही पाहिले पाहिजे. असे चढउतार या बँडला नवे नव्हते. १९७९ चा ‘वॉशेस व्हायटर दॅन’ हा अल्बम मवाळ होता आणि १९८१ च्या ‘नेव्हर से डाय’पासून रॉककडे पुन्हा ओढ दिसू लागली. १९८६ मध्ये जॉन श्लिट हा नवा गायक आला. त्याच्या खरखरीत, ताणलेल्या आवाजाभोवती पुढच्या काही वर्षांत बँडचे सर्वांत कणखर संगीत उभे राहिले आणि नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात त्यातल्या तीन अल्बमना ग्रॅमी पारितोषिके मिळाली. १९९५ मध्ये हार्टमनने दौऱ्यांवर जाणे थांबवले. नंतरचे ‘गॉड फिक्सेशन’ (१९९८) पॉपकडे झुकले. ‘डबल टेक’ (२०००) मध्ये मुख्यतः जुनीच गाणी अनप्लग्ड वळणाने, हलक्या हाताने पुन्हा गायली गेली. गंमत अशी की, विद्युत् गिटारची धार काढून टाकलेल्या याच अल्बमला सर्वोत्कृष्ट रॉक गॉस्पेल अल्बमचे ग्रॅमी मिळाले. २००१ चे ‘रिव्हायव्हल’ तर उघडपणे सामुदायिक उपासनेसाठीच होते.

पेत्रा यात एकटी नव्हती. एकविसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतल्या ख्रिस्ती संगीताच्या बाजाराला उपासनागीतांचा वेध लागला होता. थर्ड डे या बँडने २००० साली, मायकेल डब्ल्यू. स्मिथ यांनी २००१ साली आणि न्यूजबॉइज या बँडने २००३ साली आपापले उपासनागीतांचे अल्बम काढले. समूहाने एकत्र गाण्याला आमचा आक्षेप नाही. ती फार जुनी आणि आदरणीय गोष्ट आहे. आक्षेप आहे तो तिच्या एकाधिकाराला. सर्वांना एका दमात गाता यावे म्हणून चाल सोपी होते, सर्वांना एकाच वेळी म्हणता यावे म्हणून शब्दांतला ‘मी’ गुळगुळीत होतो, आणि कुणाच्याही मनात किल्मिष येऊ नये म्हणून शंका, राग, अपराधभाव ही सगळी अडचणीची माणसे दाराबाहेर राहतात. उरते ते निखळ अनुमोदन.

मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये लयतत्त्वाचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन नियम मांडले. मराठीच्या वर्गात ते तोंडपाठ करून घेतले जातात आणि परीक्षेनंतर विसरले जातात. येथे त्यांचा उपयोग होतो. ज्या रचनेत फक्त संवाद आहे आणि विरोध नाही, तिच्यात समतोलालाही जागा राहत नाही, कारण समतोल साधायचा तो कशाकशात? उपासनागीतांच्या लाटेत नेमका हा विरोध गळाला. श्रद्धेची विधाने शिल्लक राहिली. श्रद्धा ज्याच्याशी झुंजते ते नाहीसे झाले.

या पार्श्वभूमीवर ‘जेकिल अँड हाइड’ ऐकावा. नाव स्टीव्हन्सनच्या १८८६ सालच्या दीर्घकथेतले आहे. एकाच देहात नांदणारा सद्गृहस्थ आणि नराधम हा तिचा विषय. ख्रिस्ती वाचकाला येथे पौलाच्या रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय आठवल्यावाचून राहत नाही. जे चांगले करावेसे वाटते ते हातून होत नाही आणि जे नकोसे वाटते तेच घडते, असा त्रागा तेथे पौल करतो. आता हा त्रागा मंद पियानोवर, मेणबत्त्यांच्या उजेडात गायला गेला असता, तर ऐकणाऱ्याला वाटले असते की प्रश्न सुटलेला आहे आणि आता फक्त त्याची आठवण चालली आहे. जड, आखूड, पुन्हा पुन्हा आपटणारे गिटारचे आघात हा दिलासा देत नाहीत. कीबोर्डचा मऊ थर मागे सरला आहे. श्लिटचा आवाज आघातांवर तरंगत नाही, त्यांच्यातून वाट काढतो. शब्द सांगतात की माणूस दुभंगलेला आहे, आणि नाद तो दुभंग प्रत्यक्ष घडवतो. येथे नाद काढून घेतला तर उरेल ते रविवारच्या शाळेतले नीतिपर वाक्य. आवाज चढवल्याने काय बदलले, या प्रश्नाला आमचे उत्तर हे आहे.

आम्ही या अल्बमला महाकाव्य ठरवायला निघालेलो नाही. त्यातल्या दहा गाण्यांपैकी काहींचे शब्द उपदेशाच्या पलीकडे जात नाहीत. त्या भागापुरता टीकाकारांचा मुद्दा खरा आहे. आणखी एक आक्षेप अधिक वजनदार आहे. जड आवाज ही त्या काळची चलनी गोष्टच होती. पी.ओ.डी. या ख्रिस्ती बँडच्या २००१ मधल्या ‘सॅटेलाइट’ने तर चर्चबाहेरच्या श्रोत्यांतही प्रचंड खप मिळवला होता. मग पन्नाशी ओलांडलेल्या हार्टमन आणि श्लिट यांनी तरुणांचा अंगरखा चढवला, असे का म्हणू नये?

म्हणता येईल. परंतु तसे म्हणताना त्याच वर्षीचे दुसरे चित्रही पाहावे लागेल. ‘जेकिल अँड हाइड’चा निर्माता होता न्यूजबॉइजचा पीटर फर्लर, आणि त्याच्याच बँडने त्याच वर्षी उपासनागीतांचा अल्बम काढला होता. सोपी वाट कोणती हे स्टुडिओत बसलेल्या सर्वांना माहीत होते. दुसरे असे की, हेतूंची चौकशी करून कलाकृतीचा निकाल लावण्याची सवय आपण साहित्यात तरी सोडली आहे असे आम्ही समजत होतो. अंगरखा कोणी का चढवला यापेक्षा तो अंगाला बसतो का, हा टीकेचा प्रश्न आहे. दुभंगाच्या गाण्याला हा नाद बसतो. दोन वर्षांनी, २००५ च्या अखेरीस, पेत्राने टेनेसीतल्या मर्फ्रीसबरो येथे निरोपाचा कार्यक्रम केला. पुढे पुनर्मीलने झाली, तरी स्टुडिओतल्या नव्या गाण्यांपुरता त्या कालखंडाचा शेवट या कर्कश अल्बमनेच झाला. एखाद्या गोड आठवणींच्या संकलनाने तो झाला नाही, याचे आम्हांला समाधान वाटते.

हे सारे दूर अमेरिकेतले, त्याच्याशी मराठीच्या अभ्यासकाला काय करायचे आहे, असे कुणी विचारील. वस्तुतः ख्रिस्ती आशय कोणत्या रूपात ‘शोभतो’ हा प्रश्न मराठीत रॉकच्या कितीतरी आधी येऊन गेला आहे. १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘क्रिस्तपुराण’ फादर स्टीफन्स यांनी रचले ते ओवीत. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी परक्या चालींवरच्या भाषांतरित गीतांवर समाधान न मानता अभंग, पदे आणि कीर्तन यांचा आधार घेतला. मराठी चर्चमध्ये त्यांची गीते आजही गायली जातात. ओवी काय आणि अभंग काय, ही रिकामी भांडी नव्हेत. त्यांच्यासोबत देवाशी बोलण्याची एक रीत येते. टिळकांना ती हवी होती म्हणून तर त्यांनी ते रूप घेतले.

आणि ती रीत केवळ गोड नाही. जनाबाई विठोबाला एकेरीवर येऊन शिव्या घालते. तुकोबा देवाला निष्ठुर म्हणतात, त्याच्याशी भांडतात, आपल्यापुरता देव मेला असेही सांगून टाकतात. मर्ढेकरांनी यंत्रयुगातली ओंगळ प्रतिमा अभंगाच्या आणि ओवीच्या साच्यात ओतली तेव्हा पुष्कळांना तो भक्तिपरंपरेचा अपमान वाटला. वास्तविक परंपरेतला दबलेला सूर त्यांनी वर काढला होता. तरीही आपल्या वर्गांत आणि ध्वनिमुद्रिकांत संतकाव्य पोहोचते ते बहुधा पहाटेच्या मंद तंबोऱ्यासह. भांडणाचे अभंग अभ्यासक्रमाच्या कडेला राहतात आणि ‘शांतरस’ हा शब्द सर्व उत्तरपत्रिकांत सुखाने नांदतो. अमेरिकेतल्या बाजाराने उपासनागीतांचे जे केले, ते आपण पाठ्यपुस्तकांच्या साहाय्याने केले आहे.

म्हणून आमचा आग्रह आहे तो भक्तीच्या वाङ्मयात कर्कशपणाची जागा मान्य करण्याचा. कर्कश ते सर्व खरे, असे आम्ही म्हणत नाही. नुसता गोंगाट करणाऱ्या भक्तीचा अनुभव आपल्या शहरांना दर वर्षी येतोच, आणि त्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतींत विरोध नसतो. तेथेही असते ते अनुमोदनच, फक्त मोठ्या आवाजात. जडपणाची कसोटी डेसिबलमध्ये नाही. नाद शब्दाला काही अडचणीचा प्रश्न विचारतो की नुसती मान डोलावतो, हे पाहायचे असते. तुकोबांचा अभंग शिकवताना ही कसोटी लावावी, टिळकांचे पद शिकवताना लावावी, आणि तीस वर्षे गाऊन झाल्यावर पुन्हा गिटारचा सूर फाडणाऱ्या एका परदेशी बँडलाही लावावी. तिच्यावर उतरणारी भक्ती कानांना बोचेल. तिला रसहानी म्हणण्याची घाई मात्र करू नये.