वहिवाटीचा रस्ता

माझे वडील मामलेदार कचेरीत कारकून होते, आणि कुणा शेतकऱ्याने आपल्या बांधावरून जाणारी गाडीवाट काटेरी कुंपण घालून अडविली की त्या तक्रारीचे कागद त्यांच्या हाताखालून जात. शेत ज्याचे त्याचेच असे, सातबाऱ्यावर नावही त्याचेच लागे. तरीसुद्धा त्या जमिनीतून वर्षानुवर्षे बैलगाडी नेणाऱ्याला ‘वहिवाट’ नावाचा एक हक्क प्राप्त होतो आणि तो मालकाच्या मर्जीने नाहीसा होत नाही, हे तत्त्व मला कायद्याच्या पुस्तकात वाचण्यापूर्वी घरच्या पंगतीत कळले. १८८२ च्या ईझमेंट कायद्याने वीस वर्षांच्या उघड, निर्वेध आणि अखंड उपभोगाला हक्काचे स्वरूप दिले, आणि १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याने अडलेली वाट मोकळी करून देण्याचा अधिकार मामलेदाराच्या हाती ठेवला. मी स्वतः आयुष्याची पंचवीस वर्षे सहकारी संस्थांचे संगणक आणि सर्व्हर सांभाळण्यात घालविली, आणि या क्षेत्रात ज्या वाटा दर दोनचार वर्षांनी अडविल्या जातात त्यांची दाद मागायला कोणतीही कचेरी नाही, ही गोष्ट मला उत्तरोत्तर अधिक बोचत आली आहे.

एका पतसंस्थेतील लेखापाल बाईंचा मला दुपारी तीनच्या सुमारास फोन आला. आवाज अगदी दबलेला होता. “सर, कॉपी कुठं गेलं?” त्यांच्या संगणकाची प्रणाली आदल्या रात्री नव्या आवृत्तीवर गेली होती. माउसचे उजवे बटण दाबले की एक यादी उघडते, तीत ‘कट’ आणि त्याखाली ‘कॉपी’ असे शब्द असतात, आणि बोट त्या ठिकाणी आपोआप जाऊन पोहोचते, असा त्यांचा पंधरा वर्षांचा अनुभव होता. नव्या आवृत्तीत ते शब्द जाऊन त्यांच्या जागी यादीच्या माथ्यावर बारीक चिन्हांची एक ओळ आली होती, आणि यादीतील बाकीचा पुष्कळसा मजकूर ‘आणखी पर्याय दाखवा’ अशा अर्थाच्या एका ओळीमागे जाऊन बसला होता. ज्या बाई मार्चअखेरीस तेरीज पैशापर्यंत जुळवून दाखवितात, ज्यांच्या आकडेमोडीत लेखापरीक्षकाला आजवर बोट ठेवायला जागा सापडलेली नाही, त्या बाईंना शेजारच्या टेबलावरील दोन तरुण मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून कुजबुजत बोलावे लागले. मी त्यांना चिन्ह कोणते ते सांगितले आणि त्यांनी ते दाबले. परंतु “माझंच लक्ष नव्हतं बहुतेक” असे जे त्या शेवटी म्हणाल्या, ते शब्द माझ्या मनातून अजून गेलेले नाहीत. लक्ष त्यांचे पूर्ण होते. त्यांची वाट कोणीतरी न विचारता हलविली होती.

कोणतेही कसब प्रथम बुद्धीने ग्रहण केले जाते हे खरे. परंतु अभ्यासाने ते हळूहळू बुद्धीतून हातात उतरते, आणि एकदा हातवळणी पडले म्हणजे बुद्धी मोकळी होऊन तिच्या स्वतःच्या कामाकडे, म्हणजे हिशेबाकडे, मजकुराकडे किंवा समोर उभ्या असलेल्या ठेवीदाराकडे वळते. हे हाताचे ज्ञान कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात मत्ता म्हणून दिसत नाही. पण एखाद्या शाखेतील बारा माणसांच्या पंधरा पंधरा वर्षांच्या सवयी एका रात्रीत निरुपयोगी केल्या तर जे नुकसान होते ते प्रत्यक्ष असते, आणि ते नुकसान करणाऱ्याने कधी भरून दिल्याचे मी पाहिलेले नाही.

विंडोजचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बाजारात आली आणि पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात ‘स्टार्ट’ हे बटण बसले. पुढील सतरा वर्षांत जगातील असंख्य माणसे संगणक शिकली ती त्या कोपऱ्यापासून शिकली. आपल्याकडील संगणकवर्गांतही पहिला धडा त्याचाच असे. २६ ऑक्टोबर २०१२ रोजी आलेल्या विंडोज ८ मध्ये ते बटण काढून टाकण्यात आले आणि त्याच्या मेनूच्या जागी पडदाभर रंगीत चौकटी आल्या, कारण बोटांनी स्पर्श करून चालविण्याच्या पाटीसारख्या यंत्रांची तेव्हा चलती होती. हे एक वेळ समजून घेता येईल. परंतु तीच चौकटींची मांडणी त्याच वर्षीच्या विंडोज सर्व्हर २०१२ लाही देण्यात आली, आणि सर्व्हर ही वस्तू कुलूपबंद, थंड खोलीत असते, तिच्या पडद्याला बोट लावायला कोणी जात नाही, तिचा कारभार दुसऱ्या गावाहून, दुसऱ्या संगणकावरील एका लहानशा खिडकीतून चालतो, याचा विचार झालेला दिसला नाही. स्टार्ट उघडण्यासाठी माउसचा बाण पडद्याच्या अगदी टोकाच्या कोपऱ्यात न्यावा लागे. स्वतःच्या टेबलावरील यंत्रावर ते साधते, कारण पडद्याची कड बाणाला अडविते, पण दूरच्या सर्व्हरच्या खिडकीला अशी कड नसते आणि बाण कोपऱ्यावरून निसटून सरळ बाहेर जातो. कळफलकावरील विंडोजची कळ दाबावी, तर खिडकी पडदाभर पसरलेली नसताना ती कळ दूरच्या यंत्राला न पोहोचता आपल्याच यंत्राचा मेनू उघडते. एक वर्षाने, २०१३ च्या ऑक्टोबरात, बटण परत आले. २०१५ साली विंडोज १० बरोबर मेनूही परत आला. आणि २०२१ साली विंडोज ११ ने तेच बटण कोपऱ्यातून उचलून मध्याकडे सरकविले. ते डावीकडे परत नेण्याची सोय ठेवली आहे, एवढे मात्र मान्य केले पाहिजे.

दुसरीकडे ‘कंट्रोल पॅनेल’ आणि ‘सेटिंग्ज’ ही दोन दप्तरे एकाच प्रणालीत दहा वर्षांहून अधिक काळ शेजारी शेजारी मांडून ठेवलेली आहेत आणि कोणता कागद कोणत्या दप्तरात गेला हे दर आवृत्तीगणिक बदलते. माझ्या पिढीतील सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी यावर एकच तोड काढली आहे: नेटवर्कचे कार्ड पाहायचे असले की कोणताही मेनू न शोधता ‘रन’च्या चौकटीत एनसीपीए डॉट सीपीएल ही अक्षरे टाईप करायची. विंडोज एनटीच्या काळापासूनची ही आज्ञा विंडोज ११ वरही चालते. वरची सगळी सजावट बदलत असताना ही एक जुनी पाऊलवाट कोणाच्या दृष्टीस न पडल्यामुळे टिकली असावी, आणि आमचा रोजचा कारभार तिच्यावरून चालतो.

लिनक्सच्या प्रांतात दर्शनी सजावटीचा हव्यास कमी, म्हणून तेथे तरी वाटा स्थिर राहतील असे मला पुष्कळ वर्षे वाटत असे. त्या विश्वासाला धक्का बसला तो एका शनिवारी रात्री. चाळीस किलोमीटरवरच्या एका शाखेतील सर्व्हरची प्रणाली मी घरून नव्या आवृत्तीवर नेली, यंत्र पुन्हा सुरू होण्याची आज्ञा दिली, आणि ते यंत्र तारेवर परत आलेच नाही. शाखेतील ज्येष्ठ कारकून गावातच राहत. त्यांना अकरा वाजता उठविले, त्यांनी किल्ल्या आणून खोली उघडली, आणि मी फोनवर एकेक अक्षर सांगत गेलो. नेटवर्क कार्डाचे नाव ‘ईथ-झिरो’ असे गृहीत धरून माझी सर्व लेखी तजवीज होती, पडद्यावर काय दिसते असे विचारल्यावर त्यांनी एका भरणा पावतीच्या पाठीवर उतरवून घेत वाचून दाखविले, “ई, एन, पी, तीन, एस, शून्य.” जुन्या नावाच्या फाईलला नव्या नावाचे कार्ड ओळखू येत नव्हते, म्हणून यंत्र धडधाकट असूनही मुके होऊन बसले होते. नाव दुरुस्त होऊन जोडणी परत यायला रात्रीचे अडीच वाजले. “साहेब, कार्ड बदललं होतं का?” असे त्यांनी विचारले, आणि कार्ड तेच आहे, फक्त नाव बदलले, हे सांगताना मला त्या भल्या माणसापुढे अपराधी वाटले.

या बदलामागे सबळ कारण होते, हे मी जाणतो. ज्या यंत्रात दोन कार्डे आहेत तेथे जे आधी सापडेल ते ‘झिरो’ आणि मागाहून सापडेल ते ‘वन’ अशी जुनी रीत असे. एखाद्या वेळी क्रम उलटला तर आतल्या जाळ्याचे नियम बाहेरच्या दारावर लागू होण्याचे भय होते. कार्ड यंत्रात कोठे बसले आहे त्यावरून नाव देणे शास्त्रशुद्धच आहे. परंतु आपल्या महसूल खात्यापुढेही असाच प्रश्न आला होता. १९४७ च्या कायद्यानुसार जमिनींचे एकत्रीकरण झाले तेव्हा सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. तेव्हा खरेदीखत लिहिणाऱ्याने काय केले? त्याने गट नंबर लिहिला आणि त्याच्यापुढे ‘जुना स. नं.’ असे लिहून जुना आकडाही नोंदविला, आणि आजतागायत कित्येक दस्तऐवजांत तो तसाच नोंदविला जातो. आजोबांच्या तोंडी असलेला आकडा आणि नातवाच्या उताऱ्यावरील आकडा यांची गाठ त्या तीन शब्दांनी घातली. लिनक्समध्ये एकाच कार्डाला अनेक नावे धारण करण्याची सोय २०२० च्या जानेवारीत आली. पण कार्डांच्या नावांची नवी रीत २०१३ पासूनच पसरू लागली होती. जी सोय आधी व्हायला हवी होती ती सात वर्षे उशिरा झाली.

कार्डांची नावे बदलली त्याच सुमारास लिनक्समध्ये यंत्रावरील सेवा सुरू करणारी आणि सांभाळणारी ‘सिस्टमडी’ ही नवी व्यवस्था आली. २०१० साली लेनार्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स यांनी तिचा प्रारंभ केला, आणि २०१४-१५ पर्यंत रेड हॅट, डेबियन आणि उबुंटू या तिन्ही प्रमुख प्रणालींत ती स्थिरावली. पूर्वी एखादी सेवा पुन्हा सुरू करायची तर ‘सर्व्हिस’ या शब्दामागे सेवेचे नाव आणि शेवटी क्रिया, असा मराठी वाक्यासारखा क्रम असे; नव्या ‘सिस्टमसीटीएल’ आज्ञेत क्रिया आधी आणि नाव नंतर आले. पण रेड हॅटच्या सातव्या आवृत्तीत मी सवयीने जुनी आज्ञा टाईप केली तेव्हा यंत्राने ती धुडकावली नाही. ‘आपली आज्ञा सिस्टमसीटीएलकडे वळवीत आहोत’ अशा अर्थाची एक ओळ दाखवून आणि नवी आज्ञा पूर्ण लिहून दाखवून काम उरकले. कचेरीतील एखादा अनुभवी शिरस्तेदार, चुकीच्या टेबलापुढे उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्याला हाताला धरून योग्य टेबलापर्यंत नेतो आणि पुढच्या खेपेस इकडे या असे सांगतो, तशी ती ओळ मला वाटली. सिस्टमडीविषयी पुष्कळ कडू वाद झाले, आणि नोंदी साध्या अक्षरांतून काढून तिच्या स्वतःच्या साच्यात कोंडल्या याविषयी माझी तक्रार आजही कायम आहे. तरी त्या एका ओळीसाठी मी तिचा ऋणी आहे.

जुन्या वाटा सांभाळीत बसलो तर प्रगती खुंटेल, असे एक उत्तर नेहमी ऐकू येते. त्याला लिनक्सच्या गाभ्याचेच उदाहरण पुरेसे आहे. १९९१ पासून त्याच्या आतील रचना कितीतरी वेळा मुळापासून पालटली; परंतु गाभ्यातील बदलामुळे बाहेरचा चालता कार्यक्रम बंद पडला तर दोष गाभ्याचा, कार्यक्रमाचा नव्हे, हा दंडक लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी इतक्या निष्ठुरपणे पाळायला लावला की आपल्या सहकाऱ्यांचा रोषही त्यांनी त्यासाठी पत्करला. आत काय वाटेल ते बदला, पण ज्या उंबरठ्यावर लोकांचा पाय ठरलेला आहे तो हलवू नका, हे व्रत एवढ्या मोठ्या प्रकल्पाला तीस वर्षांहून अधिक काळ निभावता येते. मग मेनूतील एक शब्द जागेवर ठेवणे कठीण का व्हावे? मला वाटते, नवी मांडणी डोळ्यांना दिसते आणि तिची जाहिरात करता येते. राखलेली जुनी वाट मात्र कोणालाच दिसत नाही, आणि तिच्यासाठी कोणाला बढती मिळाल्याचे ऐकिवात नाही.

वाटेइतकीच मुदतही पवित्र मानली पाहिजे. सेंटओएस या विनामूल्य प्रणालीची आठवी आवृत्ती २०१९ साली आली तेव्हा २०२९ पर्यंत तिची देखभाल होईल असे धरून अनेक संस्थांनी आपले सर्व्हर तिच्यावर नेले. डिसेंबर २०२० मध्ये ती मुदत एकाएकी २०२१ अखेरपर्यंत आखडण्यात आली. दहा वर्षांच्या भाडेपट्ट्यावर घर घेणाऱ्याला दुसऱ्याच वर्षी जागा सोडण्याची नोटीस यावी, तसा हा प्रकार होता. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली ती आधी जाहीर केल्याप्रमाणे. तरीही ज्या यंत्रांत नव्या आवृत्तीला हवी असलेली सुरक्षा-चिप नाही अशी कितीतरी धडधाकट यंत्रे त्या दिवशी हिशेबातून बाद झाली, आणि लहान पतसंस्थांना तो भुर्दंड जड गेला.

आपल्याकडे शासन, बँका आणि सहकारी संस्था संगणकांची खरेदी निविदा काढून करतात, आणि त्या निविदांत प्रोसेसर, मेमरी, वॉरंटी यांचे रकाने असतात. दर्शनी मांडणीत बदल करायचा तर किती महिने आधी कळवावे, जुनी आज्ञा किंवा जुना मेनू किती वर्षे चालू ठेवावा, आणि बदल नाकारण्याचा अधिकार कोणाकडे असावा, असे तीन रकाने त्यांत वाढविण्यास कायद्याची आडकाठी नाही. एका संस्थेच्या अटींकडे कोणी पाहणार नाही. राज्यभरातील संस्थांनी एकच अट घातली तर पाहावे लागेल.

त्या पतसंस्थेतील यंत्रांची पुढची बदली दिवाळीनंतर व्हायची आहे. मी प्रत्येक टेबलासाठी एक छापील कागद तयार करतो आहे. डाव्या रकान्यात जुने ठिकाण, उजव्या रकान्यात नवे. सर्व्हरच्या कपाटाच्या दारावरही तसाच एक कागद चिकटविला आहे, आणि त्यावर कार्डाच्या नव्या नावापुढे ‘जुना: ईथ-झिरो’ असे लिहिले आहे. कच्चा मसुदा मी लेखापाल बाईंना दाखविला. त्यांनी तो सावकाश वाचला, ‘कॉपी’च्या ओळीवर पेन्सिलीने खूण केली, आणि चिन्हाचे नुसते वर्णन न लिहिता त्याचे चित्रच काढा, असे सांगितले.